एकशे एक्क्याऐंशीवी पिशवी

लामाराबाई तिब्लिसीहून आल्या
त्या जाळीचे दोन तागे घेऊनच.
एक भरड, करंगळी सहज जाईल एवढ्या डोळ्यांची,
दुसरी इतकी बारीक की श्वाससुद्धा गाळून निघावा.
म्हणाल्या, त्सियाला, तुझ्या हाताला टाका आहे,
एकशे ऐंशी पिशव्या शिव.
प्रत्येकीत दहा ग्रॅम वाळला पाला:
आल्डरचा, बीचचा,
आणि श्केरीचा, जिच्या जांभळ्या फुलांचा मध चाखला
तर माणूस दोन दिवस भिंत धरून चालतो.

कशाला? मी विचारलं.
म्हणाल्या, जंगल किती वेगानं जेवतं
ते मोजायचंय.

एवढं तर माझी शेळीही सांगेल.
आल्डर गोड, बीच चिवट,
श्केरीच्या पानाला ती तोंड लावत नाही.
पण शेळीच्या शब्दावर पगार मिळत नाही,
म्हणून शिवल्या.
नोव्हेंबरात उतारावर अंथरल्या,
खिळे ठोकून, नंबरांचे पत्रे बांधून.
आमच्या आजारात पाऊस येत नाही, मुक्कामालाच असतो.

मार्चमध्ये पहिल्या साठ उचलल्या.
भरड जाळीतल्या आल्डरच्या नुसत्या शिरा उरलेल्या,
बाकी काळ्या दाण्यांची लेंडी,
एक फिकट गांडूळ,
आणि पांढरे कण, बोट नेलं की उडी मारणारे;
बाईंना त्यांची लांबलचक नावं पाठ.
बारीक जाळीत तेच पान
तपकिरी, मऊ, पण अख्खं.
आत फक्त बुरशी. तिनं एकटीनं किती ओढायचं?

काट्यावर आल्डर, भरड: पावणेदोन.
आल्डर, बारीक: पाच.
श्केरी मात्र इकडेही नऊ, तिकडेही नऊ,
जसं बुटाचं कातडं.
बाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या,
दार सताड उघडं असून काय,
ताटातलं रुचायला नको?

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती.
उरलेल्या भरड जाळीची मी आणखी एक शिवली होती.
तिच्यात ओतियाची तंबाखू.
माळ्यावर तीन वर्षं टांगलेली शेवटची जुडी;
विकवत नव्हती,
आणि ओढणारा उरला नव्हता.

डिसेंबरात चोरून पाहिली होती. जशीच्या तशी.
मेल्या, म्हटलं, तुला किडेसुद्धा टाळतात.
आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी
शेजारचं कुत्रंही अंगणात पाऊल टाकत नसे,
असा त्याचा आवाज.
मी स्वतः चार महिने
फक्त मिठाबद्दल बोलले त्याच्याशी.

पण पाऊस बसून होता.
रोज थोडं थोडं कडूपण
चहाच्या रंगाचं होऊन ओहोळात उतरलं असणार.
मग बुरशी आली असेल, पान जरा सैल झालं असेल,
मग कुणीतरी पहिला चावा घेतला.
कोण ते मला ठाऊक नाही.
ओतियाच्या बाबतीत ती त्याची लंगडी मावशी होती,
एक दिवस न विचारता जेवायला येऊन बसली.

आता पिशवीत
मूठभर काळा चुरा, एक जाड मधली शीर,
आणि तिच्यावर वेटोळं घालून निजलेला वाणी.

एकशे एक्क्याऐंशी? बाईंनी पत्रा वाचला.
यादीत नाही ही.
मी म्हटलं, हिला मोजू नका.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चुरा हुंगला,
काटा शून्यावर आणला
आणि पिशवी माझ्या हातात दिली.

चेस्टनटच्या बुंध्याशी मी ती उलटी केली.
वाणी थोडा वेळ मेल्यागत पडला,
मग सगळे पाय एका लाटेत हलवत
पाल्याखाली गेला.
हात हुंगून पाहिले. तंबाखूचा वास नव्हता.

जूनच्या साठ अजून उतारावर आहेत.
दोन-तीन पिशव्यांची शिवण उसवलीय.
सुई ओवायला बसले.